पोटावरचा कोन

टॅब्लेट बारीक करणं हा जगातला एक मोठा उद्योग आहे, आणि बारीक झालेल्या टॅब्लेटला पुन्हा जाड करणं हा त्याचा जोडधंदा. २०१० साली पहिला आयपॅड आला तेव्हा त्याची जाडी १३.४ मिलिमीटर होती. पुढच्याच वर्षी दुसरा आला, ८.८ मिलिमीटरचा. २०२४ मध्ये तेरा इंची आयपॅड प्रो ५.१ मिलिमीटरवर येऊन थांबला. चौदा वर्षं कितीतरी हुशार माणसांनी रात्रीचा दिवस करून, बॅटरी लाटून, काच घासून आठ मिलिमीटर आणि वर काही पॉइंट वाचवले. ते आपण दुकानाच्या काउंटरवरच, बिल खिशात जायच्या आत, व्याजासकट परत चढवतो.

"कव्हर दाखवतो," असं दुकानदार म्हणतो, विचारत नाही. नको म्हणून पाहावं. तो वाद घालत नाही. फक्त मागच्या पोराला म्हणतो, "काल ते काका आले होते ना रे, डिस्प्लेवाले?" पोरगं मान वर न करता म्हणतं, "अकरा हजार." झालं. आपण मुकाट्याने भिंतीवर टांगलेल्या कव्हरांकडे बघायला लागतो. पुण्यात डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये काय किंवा मुंबईत मनीष मार्केटात काय, ही भिंत छतापर्यंत गेलेली असते. आणि एवढ्या कव्हरांत आपल्या मॉडेलचं नेमकं एकच निघतं, ते गुलाबी.

या भिंतीवरच्या प्रत्येक गुलाबी वस्तूमागे कुणीतरी डोकं खाजवत बसलेलं असतं, हे मला भाच्यामुळे ठाऊक आहे. तो टॅब्लेटची कव्हरं डिझाइन करतो. पवईला आयआयटीच्या आयडीसीत शिकला. बहिणीची अपेक्षा मोटारींची होती, गेला बाजार मिक्सरची तरी. नातेवाइकांत सांगताना ती "प्रॉडक्ट डिझाइन" एवढंच म्हणते आणि "म्हणजे नक्की काय?" यायच्या आत चहा टाकायला उठते. एका लग्नात नवरीच्या काकांनी त्याला मांडवात गाठून स्वतःच्या फोनचं निघालेलं कव्हर चिकटवायला दिलं. त्याने ते चिकटवूनही दिलं. मुलगा सालस आहे.

या धंद्याला जेमतेम पंधरा-सोळा वर्षं झाली, पण तेवढ्यात भानगडी पुष्कळ. पहिल्या आयपॅडबरोबर ॲपलनेच एक काळं कव्हर विकायला काढलं होतं. त्याची कड बाहेर आलेली, कडक, हाताला बोचणारी. आणि अंग असं की दिसेल ती धूळ आपलीच समजून गोळा करणारं. मग २ मार्च २०११ ला आजारपणाच्या रजेवर असलेले स्टीव्ह जॉब्स आयपॅड २ घेऊन मंचावर आले आणि टॅब्लेटइतक्याच कौतुकाने त्यांनी त्याचं स्मार्ट कव्हर दाखवलं. चार पट्ट्या, मध्ये तीन घड्या. उघडलं की पडदा जागा, मिटलं की झोपला, मागे गुंडाळलं की त्रिकोण होऊन टॅब्लेट उभा. ज्यांना यंत्रं फोडून बघितल्याशिवाय जेवण जात नाही अशा लोकांनी दोन्ही फोडून पाहिली, तर कव्हरात २१ आणि टॅब्लेटात १० चुंबकं निघाली. पॉलियुरेथेनचं कव्हर ३९ डॉलरला, चामड्याचं ६९ ला. एवढं सगळं करून झाकलं काय, तर फक्त पुढची बाजू. पाठ उघडीच. आमच्या आईने हे कव्हर पाहिलं असतं तर "उरलेलं कधी मिळणार?" असं विचारलं असतं.

त्याच्या आतलं मायक्रोफायबरचं अस्तर काच पुसतं, असा दावा होता. पुसायचंही; पण पट्ट्यांखालची. घड्यांच्या घळी काचेला टेकत नाहीत, म्हणून तेवढ्या जागेची धूळ तशीच राहायची. थोड्या दिवसांनी पडदा त्रिपुंड्र लावून बसायचा.

त्याच सुमाराला ॲमेझॉनच्या तिसऱ्या पिढीच्या किंडलचं कव्हर गाजलं. ते दोन धातूच्या आकड्यांनी किंडलमध्ये अडकवायचं. दिवा असलेल्या कव्हराला त्या आकड्यांतूनच वीज मिळे, तेव्हा तिथे धातू असणं समजू शकतं. पण बिनदिव्याच्या स्वस्त कव्हरालाही तसेच आकडे होते, आणि ते अडकवलं की काही किंडल आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचे. कव्हर काढलं की ठणठणीत. पुढे २०१२ च्या आयपॅडला चुंबकाची दिशाही महत्त्वाची वाटू लागली. इतर कंपन्यांची बरीचशी जुनी कव्हरं त्याला मापात बसत, चिकटत, मिटत. फक्त पडदा झोपायचा नाही. गोदामात हजारो कव्हरं पडलेली आणि सगळ्यांची चुंबकं उलटी, या विचाराने भाच्याला अजून घाम फुटतो. तेव्हा तो अकरावीत होता, तरी.

शेनझेनमध्ये तर कव्हरापायी माणसांवर खटला झाला. कव्हर बनवणाऱ्याचं मुख्य दुखणं असं की टॅब्लेट ज्या दिवशी बाजारात येतो त्याच दिवशी त्याचं कव्हर भिंतीवर लागतं, आणि टॅब्लेट दिसतो कसा हे तोवर कुणी सांगत नाही. कॅमेऱ्याचं भोक कुठे पाडायचं? २०१० मध्ये तिथल्या एका कव्हर कंपनीने यावर उपाय काढला. फॉक्सकॉनच्या माणसाला पैसे चारून आयपॅड २ च्या पाठीचा आराखडा बाहेर काढला. पुढच्या वर्षी कोर्टाने तिघांना शिक्षा सुनावली, सर्वांत मोठी दीड वर्षाची. आता कोठडीत शेजारच्याने "तू कशात आलास?" असं विचारलं, तर माणसाने सांगायचं काय? "कव्हरात."

भाचा दिवाळीला आमच्याकडे कल्याणला आला तो सामान घेऊनच. सनबोर्ड, कटर, मास्किंग टेप, व्हर्नियर कॅलिपर. हॉलच्या फरशीवर त्याने कारखाना मांडला आणि फराळाची ताटं त्याच्या कडेकडेने फिरू लागली. दुमडणारं कव्हर ही बघायला अगदी साधी वस्तू आहे: पुठ्ठा, वरून कातडं, आतून अस्तर. पण सगळी विद्या आहे ती दोन पट्ट्यांमधल्या घळीत. घळ अरुंद झाली तर पट्टी पूर्ण दुमडत नाही, अर्ध्यावर अडून बसते. किंचित रुंद झाली तर सुरेख दुमडते, मात्र त्रिकोण उभा केला की डुगडुगतो आणि पडद्याला बोट लावलं की टॅब्लेट मागे मान टाकतो. आतल्या बाजूला दुमडायची घळ वेगळी, बाहेरच्या बाजूला दुमडायची वेगळी, आणि एकच घडी दोन्हीकडे दुमडणारे महाभाग वेगळेच. कातडं घडीवर पातळ केलं तर तिथेच चीर जाते. जाड ठेवलं तर घडी बसत नाही, कव्हर आपलं आपण उघडतं आणि रात्री दोन वाजता उशाशी पडदा लख्ख उजळतो.

भाचा जीभ दातांत धरून अर्धा अर्धा मिलिमीटर सरकवत होता. त्याची मामी दोनदा त्याला ओलांडून गेली आणि तिसऱ्यांदा थांबली.

"किती वेळ चाललंय रे एका घडीचं?"

"मामी, ही घडी दिवसातून पन्नास वेळा उघडणार-मिटणार."

"साडीच्या घड्या पण रोजच घालते मी. कॅलिपर लागत नाही मला."

त्याने उत्तर दिलं नाही. टेपचा तुकडा तोडून दिला तो तिनेच धरून ठेवला आणि पुढची पंधरा मिनिटं ती तिथून हलली नाही. हा एक या कामाचा गुण आहे. बघणाऱ्याला वाटतं, आपल्याला जमेल.

पडण्याचा हिशेब त्याने मला त्या संध्याकाळी कागदावर करून दाखवला, आणि तो मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. स्वयंपाकाचा ओटा साधारण ८५ सेंटिमीटर उंच. तिथून टॅब्लेट पडला आणि फरशीवर एका मिलिमीटरात थांबला, तर त्याला बसणारा सरासरी झटका गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ८५० पट. तोच थांबायला पाच मिलिमीटर मिळाले तर १७० पट. म्हणजे कव्हर टॅब्लेटला वाचवतं ते ताकदीने नव्हे, सवडीने. थांबायला चार मिलिमीटर जास्त द्यायचे, बस्स. त्यात टॅब्लेट सरळ पडत नाही, बहुतेक वेळा कोपऱ्यावर येतो, म्हणून कोपऱ्यांत पोकळी ठेवायची, पडद्याभोवती कड उंच घ्यायची. लहान मुलांच्या कव्हरांना हे सगळं खुल्या दिलाने देतात. ती जाडजूड, हँडलवाली, निळी-पिवळी कव्हरं ईव्हीए फोमची असतात; हाच फोम बुटा-चपलांच्या तळव्यात असतो. मुलाच्या हातात ते पाहिलं की आई-बापांना निवांत वाटतं. मोठ्यांना मात्र अशी कव्हरं चालत नाहीत. मोठ्यांना तेच संरक्षण हवं असतं, फक्त ते दिसता कामा नये.

खोक्यावर 'मिलिटरी ग्रेड' असं छापलेलं असतं त्याचा अर्थही मी विचारून घेतला. अमेरिकी लष्कराचं ८१० नावाचं एक मानक आहे. त्यातल्या पाडण्याच्या चाचणीत वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा पाडायची. सव्वीसच का? कारण चौकोनी वस्तूला ६ बाजू, १२ कडा आणि ८ कोपरे. या प्रत्येकावर एकेकदा. ऐकून ऊर भरून येतो. मग भाचा हळूच सांगतो की सव्वीस वेळा एकच नग पाडायची सक्ती नाही, पाच नगांत वाटून घेता येतं. पाडायचं ते काँक्रीटवर अंथरलेल्या दोन इंची प्लायवूडवर. आणि ही चाचणी लष्कर घेत नाही, प्रमाणपत्रही देत नाही. कंपनीच पाडते, कंपनीच बघते आणि कंपनीच खोक्यावर छापते.

"प्लायवूडवर?" बाबांनी सोफ्यावरून विचारलं. "कल्याणात प्लायवूडची जमीन कुणाकडे आहे?"

आमच्याकडे हॉलला व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, गच्चीत शहाबादी आणि ओट्याला ग्रॅनाइट. अमेरिकी लष्कर आमच्या स्वयंपाकघरात टिकणार नाही.

पण भाच्याला खरा धक्का बसला तो दुसऱ्या दिवशी. दुमडणाऱ्या कव्हराचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे, ते म्हणजे टेबल. त्रिकोणाला सपाट, कडक, न हलणारी जागा लागते. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये पहिला सरफेस काढला तेव्हा त्याच्या पाठीला टेकू दिला आणि त्याचा कोन ठरवला २२ अंश. कुणासाठी? तर टेबलाशी ताठ बसलेल्या माणसासाठी. दोन वर्षांनी सरफेस प्रो ३ आला तेव्हा तो मांडीवर नीट राहतो, हे मुद्दाम सांगावं लागलं. म्हणजे टेबलापासून मांडीपर्यंत यायला एवढ्या मोठ्या कंपनीला दोन वर्षं लागली. पोट अजून दूर आहे.

आणि आमच्या घरात टॅब्लेट राहतो तो पोटावर. बाबा दुपारी पलंगावर उताणे होतात, डोक्याखाली दोन उशा घेतात, त्रिकोण पोटावर मांडतात आणि जुने क्रिकेटचे सामने बघतात. श्वास आत घेतला की पडदा छताकडे बघतो, सोडला की पायांकडे. भाचा पलंगाच्या कडेला कोनमापक धरून बसला होता. "मामा, सात अंशांचा फरक पडतोय," तो कुजबुजला. गावसकर ऑफला ड्राइव्ह मारायला पुढे आले, बाबांनी श्वास रोखला, आणि त्रिकोण तेवढा वेळ अगदी जॉब्सना दाखवावा असा स्थिर झाला.

पोटावर किंवा छातीवर टॅब्लेट ठेवणं हा काही फक्त आमच्या घरचा प्रकार नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीने हृदयतज्ज्ञांच्या परिषदेत अभ्यास मांडला होता: छातीत डिफिब्रिलेटर बसवलेला माणूस आयपॅड २ छातीवर ठेवून झोपी गेला, तर त्यातल्या आणि कव्हरातल्या चुंबकांमुळे त्या यंत्राच्या कामात अडथळा येऊ शकतो. माणूस टॅब्लेट घेऊन आडवा होतो, हे त्या पोरीला दिसलं. तिने टेबल गृहीत धरलं नाही. तिला या धंद्यात घ्यायला हवं होतं.

आईची जागा ओटा. तिथे त्रिकोण उभा राहतो, पण पीठ मळतामळता कृतीची पुढची ओळ बघायला ती कोपराने पडदा सरकवते, आणि सगळा जोर येतो तो मागच्या बाजूला. कव्हराचा त्रिकोण मागच्या धक्क्याला भिणारा. म्हणून तिने त्याच्या पाठीशी पोह्यांचा डबा ठेवला आहे. डबा स्टीलचा, पाच किलोचा, भरलेला. भाच्याने दोन महिने बसून जी स्थिरता साधली नव्हती ती पोह्यांनी साधली होती. त्याने डब्याचा फोटो काढून घेतला.

"आजी, तुला या कव्हरात काय हवंय?"

"हे धुता येतं का?"

"पुसता येतं."

"पुसणं म्हणजे धुणं नव्हे. हळद लागलीय बघ त्या शिवणीत. साबणाने धुवून वाळत घालता आलं पाहिजे. आणि एक भोक ठेव वरती, खिळ्याला अडकवायला."

कॅमेऱ्याला, स्पीकरला, पेनला, चार्जिंगला भोकं असतात. खिळ्याला भोक नाही. भाच्याने लिहून घेतलं. मला वाटलं आईचं मन राखायला लिहितोय, पण वहीत त्याने त्याखाली दोन रेघा मारलेल्या मी पाहिल्या.

मग शेजारचे काका आले. त्यांची तक्रार वेगळी. ते सकाळी चारही मराठी वर्तमानपत्रं टॅब्लेटवर वाचतात. वर्तमानपत्र उभं असतं, आणि दुमडणारी बहुतेक कव्हरं टॅब्लेटला फक्त आडवा उभा करतात. तेव्हा काका एक तर अग्रलेख तीन तुकड्यांत वाचतात किंवा टॅब्लेट उभा धरून हाताला रग लावून घेतात. "सिनेमावाल्यांची सोय केलीस, वाचणाऱ्यांचं काय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा भाच्याने एक कागद काढून तिरप्या घड्यांचं कव्हर करून दाखवलं, ज्यात वाय आकारात घड्या असतात आणि टॅब्लेट दोन्हीकडून उभा राहतो. काकांनी घड्या घालून पाहिल्या. थोड्या वेळाने कागदाचं विमान झालं होतं. ते त्यांनी नीट उलगडून परत दिलं आणि आपण उशीला टेकवूनच वाचू म्हणाले.

आडव्या उभ्या करण्यात आणखी एक गंमत होती. आयपॅडचा पुढचा कॅमेरा कितीतरी वर्षं आखूड बाजूला असायचा. कव्हराच्या त्रिकोणावर टॅब्लेट आडवा ठेवला की कॅमेरा एका अंगाला जायचा. २०२२ च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडमध्ये तो पहिल्यांदा लांब बाजूला आला. आमचा टॅब्लेट त्याआधीचा. त्यामुळे न्यू जर्सीतल्या माझ्या पुतणीला आजी कायम कुठेतरी बाजूला बघत बोलताना दिसते, आणि कव्हराचा कोन ओट्यासाठी असल्याने चेहऱ्यातलं कपाळ आणि मागचा पंखा एवढंच चौकटीत मावतं. शाळेत तिने आजीचं चित्र काढलं तेव्हा पंखा फार सुंदर आला होता.

कातड्याचं प्रकरण मी थोडक्यात आटपतो, कारण ते दुःखद आहे. स्वस्त कव्हरांवरचं 'लेदर' म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर. दमट हवेत हा थर आतून विरत जातो आणि पापुद्रे सुटायला लागतात. कोकणातल्या किंवा कल्याणच्या दोन पावसाळ्यांनंतर टॅब्लेटचं कव्हर उघडलं की मांडीवर काळा भुगा पडतो. खरं चामडं घ्यावं तर ते धारावीत छान शिवून मिळतं, पण जुलैत कपाटात ठेवलं की त्यावर हिरवी बुरशी उगवते. सिलिकॉनला यातलं काही होत नाही. त्याला फक्त घरातले सगळे केस चिकटतात.

एवढं सगळं टिपून भाचा ऑफिसला परत गेला. पंचवीस पानांचा अहवाल केला. पोटाचे कोन, पोह्यांचा डबा, खिळा, धुणं, कपाळ आणि पंखा, सगळं फोटोंसकट. मीटिंगमध्ये साहेबांनी तो नीट ऐकला. मार्केटिंगने विचारलं, यात रंग किती? खरेदी विभागाने विचारलं, चुंबकं एवढी कशाला, चार कमी केली तर कुणाला कळणार आहे? साहेब म्हणाले, "फार छान काम आहे. पण जाडी दोन मिलिमीटरने उतरव." मग त्या पंचवीस पानांची खोक्यावर एक ओळ झाली: 'कुठेही ठेवा!' त्याखाली फोटो आला. त्यात एक गोरा तरुण खिडकीजवळ बसलेला आहे, समोर फेसाळ कॉफी आहे, कुंडीत छोटं रोप आहे. आणि टॅब्लेट टेबलावर आहे.

भाच्याने मात्र एक गोष्ट लढून मिळवली, कोपरे. बाहेरून कडक पॉलिकार्बोनेट, आत मऊ टीपीयू आणि त्यात हवेची पोकळी. सव्वीसच्या सव्वीस पाडापाडींतून नग सुखरूप बाहेर आला. पहिलं सॅम्पल त्याने मोठ्या अभिमानाने आजोबांना आणून दिलं.

बाबांनी ते त्याच रात्री वापरायला काढलं. रात्री ते त्रिकोण मांडत नाहीत; उताणे झोपून टॅब्लेट दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर धरतात. सामना कसोटी होता, तिसरा दिवस होता, खेळपट्टी निर्जीव होती. साडेअकराच्या सुमाराला डोळा लागला, हातांनी आपापला निर्णय घेतला आणि टॅब्लेट सुमारे एका फुटावरून थेट नाकावर आला. कोपऱ्यावर. सकाळी बाबांनी नाकाला बर्फ लावूनच भाच्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आजोबा! टॅब्लेटला काही झालं का?"

"टॅब्लेटला काय धाड भरलीय? एक ओरखडा नाही. तुझं काम चोख आहे."

"मग?"

"तू हे सव्वीस वेळा पाडलंस म्हणालास. त्यात एकदा तरी माणसावर पाडलंस का?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग भाच्याने समजावून सांगायला सुरुवात केली. बाहेरचं कवच कडक आहे, ते झटका पसरवतं, आतला मऊ थर टॅब्लेटला हळूहळू थांबवतो, त्यामुळे झटका टॅब्लेटपर्यंत पोचत नाही.

"मग जातो कुठे?"

"खाली जातो, आजोबा."

"खाली मी होतो."

पुढच्या खेपेच्या सॅम्पलला कोपरे उलटे झाले होते: आत कडक, बाहेर मऊ. जाडी दीड मिलिमीटरने वाढली होती आणि साहेबांनी ती चालू दिली होती, कारण मार्केटिंगला ते हाताला मऊ लागणं आवडलं. खोक्यावर आता 'नवी सॉफ्ट-टच पकड' असं छापलं आहे. बाबांनी खोकं सगळ्या बाजूंनी फिरवून, भिंग लावून बारीक अक्षरांपर्यंत वाचलं. नाकाचा उल्लेख कुठेही नव्हता. तेव्हा त्यांनी भाच्याला पुन्हा फोन लावला आणि विचारलं, या धंद्यात रॉयल्टी महिन्याला मिळते की वर्षाला?